कॅल्क्युलेटरची किंमत उतरली कशी?

१९५७ साली जपानच्या कॅसिओ कंपनीने ‘१४-ए’ हे गणकयंत्र विक्रीला काढलं, तेव्हा त्याची किंमत होती ४,८५,००० येन. डॉलरला ३६० येन हा तेव्हाचा ठरलेला दर धरला, तर सुमारे १,३५० डॉलर. घरात ठेवायची ही वस्तूच नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या आणि संशोधन संस्था. यंत्र टेबलाएवढं, वजन १४० किलो, पोटात ३४२ रिले. रिले म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायचे तसे, वीज सोडली की खटकन चिकटणारे स्विच. एवढं सगळं कशासाठी, तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांसाठी. पण तोशिओ काशिओ आणि त्यांच्या भावांनी त्यावर शून्य ते नऊ अशी दहाच बटणं ठेवली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याआधीच्या बऱ्याच मशीनवर एकक, दशक, शतक अशा प्रत्येक स्थानासाठी आकड्यांची वेगळी उभी ओळ असे.

१९६४ मध्ये शार्पचं ‘सीएस-१०ए’ आलं. रिले गेले, ट्रान्झिस्टर म्हणजे हलता भाग नसलेले छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच आले, वजन २५ किलोवर उतरलं. किंमत मात्र ५,३५,००० येन, म्हणजे तेव्हाच्या एका मोटारगाडीइतकी. कारण उघड आहे: आत ५३० ट्रान्झिस्टर आणि २,३०० डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. इतके सुटे भाग जोडायचे तर तेवढे सोल्डरचे डाग द्यावे लागणार आणि तेवढी तपासणीही करावी लागणार. १९६९ च्या ‘क्यूटी-८डी’मध्ये शार्पने अमेरिकेतल्या रॉकवेल कंपनीकडून घेतलेल्या चार चिप, म्हणजे ज्यांच्यात असे कितीतरी भाग एकत्रच बनवलेले असतात असे छोटे तुकडे, वापरल्या आणि किंमत ९९,८०० येनवर आली.

मग १९७२ मध्ये ‘कॅसिओ मिनी’, १२,८०० येन! एकच मुख्य चिप, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑफिसच्या मशीनवर आठ-दहा आकडे दिसत. कॅसिओने सहाच ठेवले. घरखर्चाचा, दुकानातल्या बिलाचा हिशेब दहा लाखांच्या आतच असतो, असा तो विचार होता. गुणाकाराचं उत्तर सहा आकड्यांत मावलं नाही, तर एक बटण दाबून उरलेले आकडे पाहायचे. पहिल्या दहा महिन्यांतच दहा लाख ‘मिनी’ खपले.