पीएम म्हणजे नेमका कुठला पीएम?

भाचा बेंगळुरात सहा वर्षं कोड लिहितोय. गणपतीला बेळगावच्या शहापुरात आला आणि चहा घेताना म्हणाला, "मामा, कोडिंग पुरे झालं. आता पीएम व्हायचं." मी विचारलं, "कुठला?" तर गप्प. लॅपटॉपवर दोन जाहिराती उघड्या होत्या, दोन्हींत 'पीएम'. एक प्रॉडक्ट मॅनेजरची, दुसरी प्रोजेक्ट मॅनेजरची. त्याला दोन्ही एकच वाटल्या होत्या.

म्हटलं, समज, रविवार पेठेतल्या किराणा दुकानांसाठी बिलिंगचं अ‍ॅप करायचंय. गल्ल्यापाशी तासभर उभा राहा. शहापूरचं गिऱ्हाईक 'तूरडाळ' मागतं, बैलहोंगलचं तीच डाळ कन्नडमध्ये 'तोगरी बेळे' म्हणून. दुकानातला पोरगा सर्चमध्ये 'तोगरी' टाकतो, अ‍ॅप सांगतं माल नाही. दोनदा असं झालं की मोबाईल बाजूला जातो, कानावरची पेन्सिल निघते आणि हिशेब पुन्हा कागदावर. हे बघून 'आधी एका मालाला दोन नावं द्या, रंगीत तक्ते नंतर बघू' असं ठरवतो तो प्रॉडक्ट मॅनेजर. त्याचा निम्मा दिवस 'हे आत्ता नको' म्हणण्यात जातो, आणि त्यातली बहुतेक नकारघंटा साहेबांपुढंच वाजवावी लागते. पुढच्या महिन्यात कागदी बिलं खरंच कमी झाली का, याचं उत्तरही त्यालाच द्यायचं.

प्रोजेक्ट मॅनेजरचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. सहाशे मालांची कन्नड नावं कोण टाइप करणार? टेस्टर सुट्टीवर गेला तर? दिवाळीच्या गर्दीआधी अ‍ॅप दुकानात पोचायचं तर कुठलं काम कुठल्या आठवड्यात, आणि पैसे पुरतील का?

अ‍ॅप ठरल्या दिवशी, ठरल्या पैशात तयार झालं, पण दुकानदारानं ते उघडलंच नाही, तर प्रोजेक्ट मॅनेजरनं आपलं काम चोख केलेलं असतं. नापास झालेला असतो तो प्रॉडक्ट मॅनेजर.

दोघांचं गोत्रही वेगळं. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय यांनी एका ब्रँडची सगळी जबाबदारी एका माणसाकडे द्यावी असं टिपण लिहिलं. प्रॉडक्ट मॅनेजरचं मूळ तिथं सांगतात, म्हणजे साबणाच्या बाजारात. प्रोजेक्टवाल्यांचं मूळ कारखाने, बांधकाम आणि लष्करी कामांत. 1950च्या दशकात अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही कामांचा क्रम आणि वेळ आखायची पद्धत बसवली. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न, मोल्डिंग, मशिनिंग आणि डिस्पॅचच्या तारखांमागं धावणारा माणूस याच कुळातला.

इंजिनिअरला जवळची वाट प्रोजेक्टची. टीम लीड झालेला माणूस निम्मं काम आधीच करत असतो, आणि प्रोजेक्ट मॅनेजरचा दाखला देणारी पीएमपीसारखी परीक्षाही आहे. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत ही पदं भरपूर. प्रॉडक्टच्या वाटेवर असा दाखला चालत नाही. वापरणाऱ्यांशी बोलून तू काय बदललंस ते दाखवावं लागतं. शिवाय डेव्हलपर, डिझायनर कुणीच तुझ्या हाताखाली नसतं, सगळं पटवून करून घ्यायचं. मराठी आणि कन्नड दोन्ही कान असलेला बेळगावचा पोरगा इथं चार पावलं पुढं असतो असं माझं मत. भाच्याला ते फुशारकी वाटलं.

पाटीवर मात्र भरवसा नको. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेतात आणि दिवसभर तारखाच विचारायला लावतात. जाहिरातीत डिलिव्हरी, बजेट, रिस्क हे शब्द जास्त असतील तर ते प्रोजेक्ट. रोडमॅप, युजर इंटरव्ह्यू, मेट्रिक्स असतील तर प्रॉडक्ट. तरी शंका राहिली तर मुलाखतीत विचारावं, "गेल्या वर्षी कुठलं फीचर करायचं नाही असं या पदावरच्या माणसानं ठरवलं?"

भाच्यानं हा प्रश्न परवा एका मुलाखतीत विचारला. समोरचे म्हणे एकमेकांकडं बघायला लागले, मग म्हणाले, "ते क्लायंट ठरवतो."