‘फादर’ आणि ‘पितृ’ : नाते कसे सिद्ध होते?

‘फादर’ हा शब्द ‘पितृ’वरून आणि ‘टूथ’ हा ‘दंत’वरून आला, असे सांगणारे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. या शब्दांचे नाते खरे आहे, मात्र ते मायलेकींचे नसून बहिणींचे आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कदाचित आता लुप्त झालेल्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे ब्रिटिश न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. इंग्रजीही याच घराण्यातली, पण जर्मानिक (जर्मन, डच वगैरे भाषांच्या) शाखेतली.

या शाखेत मूळ व्यंजने ठरावीक रीतीने बदलली. ‘प’चा ‘फ’, ‘त’चा ‘थ’, ‘द’चा ‘ट’ झाला. म्हणून ‘पद’ आणि ‘फूट’, ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘दश’ आणि ‘टेन’ अशा जोड्या जुळतात. डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि लोककथांचे संग्राहक म्हणून आपल्याला ठाऊक असलेले याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे बदल सूत्रबद्ध केले.

तरीही एक अडचण उरली. ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ या दोहोंत ‘त’ आहे, तेव्हा जुन्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘थ’ दिसायला हवा होता. प्रत्यक्षात भावाच्या शब्दात ‘थ’ आणि बापाच्या शब्दात ‘ड’ होता. (आजच्या ‘फादर’मधला उच्चार पुष्कळ नंतरचा आहे.) डेन्मार्कचेच भाषाशास्त्रज्ञ कार्ल वेर्नर यांना १८७५ च्या सुमारास याचे उत्तर वेदपठणातल्या उच्च-नीच स्वरांत सापडले. वैदिक ‘भ्राता’मध्ये उदात्त (उंच स्वर, म्हणजेच शब्दाचा आघात) पहिल्या अक्षरावर, तर ‘पिता’मध्ये शेवटच्या अक्षरावर असतो. आघात व्यंजनाच्या लगेच आधी असेल तर ‘थ’ टिकला, नसेल तर तो घोष (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारला जाणारा) होऊन पुढे ‘ड’ झाला. नंतर जर्मानिक भाषांत आघात सरसकट पहिल्या अक्षरावर सरकला आणि बदलाचे कारणच पुसले गेले. ते कळू शकले ते वेदपाठाने स्वर जपले म्हणून. संस्कृतचा खराखुरा अभिमान बाळगावा असे हे स्थान आहे. ‘वॉज’चे अनेकवचन ‘वेअर’ होते, तेही याच नियमाने : एकवचनात आघात धातूवर होता म्हणून ‘स’ टिकला, अनेकवचनात तो प्रत्ययावर गेला म्हणून ‘स’चा ‘झ’ आणि पुढे ‘र’ झाला.

संस्कृत ही इंग्रजीची जननी नव्हे, हेही ध्वनीच सांगतात. शंभरासाठी लॅटिनमध्ये ‘केंटुम’, इंग्रजीत ‘हंड्रेड’ आणि संस्कृतात ‘शत’. मूळ ‘क’ लॅटिनने राखला, जर्मानिकने त्याचा ‘ह’ केला आणि संस्कृतने ‘श’. म्हणजे इथे संस्कृतच बदलली आहे.

उलट नुसत्या सारखेपणाने काहीच सिद्ध होत नाही. आपल्या ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार व अर्थ जवळचा असला, तरी त्यांचे मूळ एक नाही. ‘डेंटल’ हा ‘दंत’सारखा दिसतो, कारण तो लॅटिनमधून फार उशिरा घेतलेला असल्याने या बदलांतून गेलाच नाही. ‘मुंगूस’ आणि ‘मंगूस’ इतके सारखे आहेत तेही उसनवारीमुळेच, कारण इंग्रजीत या प्राण्याचे नाव मराठीतूनच गेले आहे.