फक्त पाच नंबरवर चालणारी मोटर

घरातला जुना पंखा एक दिवस एक ते चार नंबरवर ढिम्म हलत नाही आणि पाचवर मात्र गरगर फिरतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ‘रेग्युलेटर गेला’ एवढं निदान करायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. मिनेसोटात एका गॅरेज सेलमध्ये मी कंपनीचं नाव पुसट झालेली, होडीला लावायची एक जुनी ट्रोलिंग मोटर उचलली, तेव्हा विकणाऱ्या आजोबांनी नेमकी हीच तक्रार सांगितली. पाचवर पळते, बाकीचे नंबर मेलेत. म्हणून स्वस्त. मला पंख्याची आठवण झाली आणि मी पैसे काढून दिले.

ट्रोलिंग म्हणजे नाव संथ चालवत आमिष लावलेला गळ मागून ओढत न्यायचा. (समाजमाध्यमांवरच्या ट्रोलिंगलाही हे वर्णन बरंच लागू पडतं.) वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा. त्याच्यासाठी नाव ताशी दोन-तीन किलोमीटरने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या चालीने न्यावी लागते. पेट्रोलचं मोठं इंजिन इतकं हळू नीट चालत नाही, शिवाय त्याचा आवाज. म्हणून नावेच्या कडेला एक दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेली १२ व्होल्टची मोटर आणि पंखा, वरच्या टोकाला मूठ आणि वेगाचा स्विच, असं हे साधन. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीची स्टार्टर मोटर वापरून असं यंत्र जुळवलं, आणि मिनेसोटा-डकोटा या जोडनावावरून ‘मिन कोटा’ ही कंपनी उभी राहिली. तेव्हा जी मोटर फक्त जोरात पळते, ती या कामाला जवळपास निरुपयोगी. हळू चालणं हेच तिचं खरं काम.

आणि हळू चालवणं हेच विजेच्या दृष्टीने अवघड. बॅटरी १२ व्होल्टची, ती १२ व्होल्टच देणार. पूर्ण वेगाला माझ्यासारखी मोटर सुमारे ३० अँपिअर घेते, म्हणजे ३६० वॉट. आता वेग निम्मा करायचा आहे. पाण्यातल्या पंख्याचा हिशोब मजेशीर असतो. वेग निम्मा केला की लागणारा जोर पाव होतो, आणि शक्ती थेट एक अष्टमांश. मोटरचा आतला रोध ०.१ ओहम धरला, तर निम्म्या वेगाला तिला (जोर पाव, म्हणून प्रवाहही पाव) साडेसात अँपिअर आणि जेमतेम सव्वापाच व्होल्ट पुरतात. म्हणजे ४० वॉटच्या आतबाहेर. मग उरलेल्या पावणेसात व्होल्टचं करायचं काय?

जुन्या मोटरींचं उत्तर होतं, जाळून टाका. वाटेत रोध असलेल्या तारेची कॉइल घालायची. आपल्या उदाहरणात ती ०.९ ओहमची लागेल. साडेसात अँपिअर तिच्यातून जाताना सुमारे ५० वॉट उष्णता होते. बॅटरीतून ९० वॉट निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त तळं तापवण्यात गेले. पंख्याचा तो जुना, काळा, गरम होणारा डबा हेच करायचा. फरक इतकाच की बऱ्याच जुन्या ट्रोलिंग मोटरींत या कॉइली पाण्याखालच्या नळकांड्यात, मोटरशेजारीच बसवलेल्या असतात. आत पाणी शिरत नाही, पण धातूच्या कवचामार्फत बाहेरचं पाणी त्यांना थंड ठेवतं. कल्पना सुरेख आहे. फक्त कोणी ती मोटर अंगणात कोरडी, दोन नंबरवर चालवून बघू नये. आणि विकत घेताना, विकताना, हिवाळ्यानंतर बाहेर काढताना लोक नेमकं तेच करतात.

दुसरा घात पाणवनस्पती करतात. पंख्याला गवत गुंडाळलं आणि तो अडकला, तर काय होतं? फिरणारी मोटर स्वतःच एक छोटा जनरेटर असते. ती बॅटरीच्या विरुद्ध उलटा दाब (व्होल्टेज) तयार करते आणि त्यामुळेच प्रवाह आटोक्यात राहतो. मोटर थांबली की तो दाब शून्य. मग त्याच ०.९ ओहमच्या कॉइलमधून १२ अँपिअर वाहतात, आणि उष्णता ५० वरून १३० वॉटवर जाते. वैतागलेला मासेमार गवत निघावं म्हणून बटण चालूच ठेवतो. तार कुठेतरी लाल होते, मऊ पडते, तुटते. पाच नंबरला कॉइल वाटेत येतच नाही, म्हणून तो तेवढा जिवंत राहतो.

इथे मला या यंत्राची सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगायला हवी. पाच वेगांसाठी चार कॉइली लागतील असं वाटतं, पण दोन पुरतात. एक मोठ्या रोधाची, एक लहान. दोन्ही एकामागे एक जोडल्या की सर्वांत हळू. नुसती मोठी, दुसरा वेग. नुसती लहान, तिसरा. दोन्ही शेजारी-शेजारी समांतर, चौथा. एकही नाही, पाचवा. अशा जोडणीत बिघाड स्वतःच आपला पत्ता सांगतो. मोठी तुटली तर १ आणि २ बंद पडतील, आणि ३ व ४ अगदी सारखेच चालतील. लहान तुटली तर १ आणि ३ बंद, २ व ४ सारखे. मीटर हातात घेण्याआधी निम्मं निदान झालेलं असतं. माझ्या मोटरचे चारही नंबर बंद होते, म्हणजे एकतर दोन्ही कॉइली गेल्या किंवा दोघींचा सामाईक सांधा. मी सांध्यावर पैज लावली.

उघडण्याआधी पंखा काढला. त्यामागे मोटरच्या आसावर नायलॉनची दोरी गुंडाळलेली. ही दोरी रबरी सील कापते आणि मग आत पाणी शिरतं. माझ्या नशिबाने सील शाबूत होतं. कवचावर मार्करने रेघ मारून ठेवली, कारण चुंबकांचं कवच उलटं बसलं तर मोटर उलटी फिरू शकते. दोन लांब बोल्ट सोडवले. इथे घाई नडते. आतली चुंबकं आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याला, असं खेचतात की बोट सापडलं तर कळ डोक्यात जाते, आणि कार्बन ब्रशच्या स्प्रिंगा उडून कपाटाखाली जातात. एक गेलीच.

पैज मी जिंकलो. दोन्ही कॉइलींची टोकं जिथे एकत्र दाबली होती तो सांधा काळा पडून विलग झाला होता. साध्या मीटरने एक ओहमच्या आतला रोध नीट मोजता येत नाही, मीटरच्या वायरीच पाव ओहम खातात. म्हणून मी गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब प्रत्येक कॉइलच्या मालिकेत लावला. बल्ब पेटला, तार अखंड आहे. नवा सांधा दाबून बसवला असता तर काम तिथेच संपलं असतं.

पण ते ५० वॉट डोक्यातून जाईनात. त्यामुळे कॉइली सरळ बाजूला काढल्या आणि वरच्या मुठीत पीडब्ल्यूएम कंट्रोलर बसवला. याची युक्ती वेगळी. व्होल्टेज जाळायचं नाही, नळ उघडझाप करायचा. मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा १२ व्होल्ट चालू-बंद करतो. चालू असण्याचा वाटा जेवढा, तेवढा सरासरी दाब. मोटरच्या वेटोळ्यांना प्रवाह अचानक थांबलेला चालत नाही. स्विच बंद असलेल्या क्षणी तो एका डायोडमधून गोल फिरत राहतो. म्हणून मोटरमधून साडेसात अँपिअर वाहत असताना बॅटरीतून सरासरी साडेतीनच्या आसपास निघतात. गणित चुकलंय असं वाटतं, पण चुकलेलं नाही. निम्म्या वेगाला तीच बॅटरी दुपटीहून जास्त टिकते.

याचेही रोग आहेतच. मॉस्फेट मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो, आणि मग पुन्हा फक्त पूर्ण वेग. लक्षण तेच, कारण अगदी निराळं. म्हणून नव्या पद्धतीच्या मोटरीत कॉइल शोधत बसू नये. आणि पळती मोटर थेट रिव्हर्सला टाकू नये. तेव्हा उलटा दाब बॅटरीच्या विरुद्ध न राहता तिला येऊन मिळतो. आपल्या उदाहरणात बॅटरीचे १२ आणि पूर्ण वेगाच्या उलट्या दाबाचे ९ (१२ वजा मोटरच्या रोधात जाणारे ३) मिळून २१ व्होल्ट, ०.१ ओहमवर, क्षणभर २०० अँपिअरचा फटका. मी बॅटरीजवळ ५० अँपिअरचा ब्रेकर लावला. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण हातातली अंगठी दोन टोकांना टेकली तर बोट भाजतं. ती आधी काढावी.

चाचणी कचऱ्याच्या मोठ्या डब्यात पाणी भरून केली. कानाला बारीक शिट्टी ऐकू आली, ती उघडझापीची. पुढच्या शनिवारी तळ्यावर मित्र वल्ही गुंडाळून बसला होता आणि नाव किनाऱ्याला धरून सरकत होती. मुठीवर १ ते ५ आकडे अजून तसेच आहेत, खाली आता सलग फिरणारी खुंटी आहे.

“किती नंबरवर आहे रे?” त्याने विचारलं.

“सव्वादोन.”