ठाण्याचे आकडे आणि ते वाचणारे: डेटा-कौशल्यांची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. आकडा होता १ कोटी १० लाख ६० हजार १४८. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, पंधरापैकी आठ तालुके तिकडे गेले. आजच्या ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या हवी असेल, तर ठाणे, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ, उल्हासनगर, मुरबाड आणि शहापूर या सात तालुक्यांच्या ओळी शोधून बेरीज करावी लागते. बेरीज सगळ्यांनाच येते. मोठा तक्ता उघडून त्यातल्या हव्या त्या ओळी वेगळ्या काढायचा सराव मात्र फार थोड्यांना असतो, आणि तो इतरांना का मिळाला नाही याला बराच जुना इतिहास आहे.

भारतात पहिली जनगणना १८७२ ची, आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. माहिती दारोदार फिरून गोळा व्हायची, पण तिचे तक्ते वाचायचे ते सरकारी कचेऱ्यांत. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. नमुना पाहणीत भारताने जगाला खूप काही दिलं, याचा अभिमान वाटावाच. तरी हे सगळं तज्ज्ञांचं जग होतं.

१९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ हा आकड्यांचे तक्ते मांडायचा प्रोग्रॅम आला आणि आकडेमोड टेबलावरच्या संगणकावर उतरली. महाराष्ट्रात ती सामान्य माणसापर्यंत नेली ती २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने. त्यांच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या केंद्रांत असंख्य मुलामुलींनी पहिल्यांदा एक्सेल उघडलं, तेही मराठीतून शिकत. या कामाची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही असं मला वाटतं. मात्र नोकरीच्या अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र हेच पुढे अनेकांचं उद्दिष्ट झालं, आणि तक्त्याला प्रश्न विचारायची सवय मागे राहिली.

तोवर न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा तयार केली होती. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती निघाली. महागड्या परवान्यांची अट गेली. ‘पायथन’ ही दुसरी संगणकभाषाही फुकटच. पण साधन फुकट मिळालं म्हणून शिकणं सोपं होत नाही. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याला अर्ध्याहून अधिक आधीच येतं असं गृहीत धरलं होतं.

हे ओळखून कामाला लागलेल्यांत ग्रेग विल्सन यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १९९८ मध्ये ब्रेंट गोर्डा यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेत लॉस अलामोस इथे शास्त्रज्ञांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेतला. त्यातून ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ उभी राहिली. २०१४ मध्ये ‘डेटा कार्पेंट्री’ आली आणि २०१८ मध्ये दोन्ही मिळून ‘द कार्पेंट्रीज’ झाली. यांची शिकवण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिकवणारा सगळ्यांसमोर एकेक ओळ टाइप करतो, चुकतो, चूक तिथेच दुरुस्त करतो. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. एक रंग ‘जमलं’ सांगणारा, दुसरा ‘अडकलोय’ सांगणारा. हात वर करून सगळ्यांदेखत विचारावं लागत नाही. मदतनीस चिठ्ठी बघून जवळ येतो. वर्गात कुणाला कमी लेखायचं नाही, हा लेखी नियम असतो. आणि डेटा कार्पेंट्रीत शिकणाऱ्याच्याच विषयातला एक तक्ता घेऊन सगळे धडे त्यावर होतात. जीवशास्त्राच्या वर्गात ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या नोंदी वापरल्या गेल्या. याच काळात, २०१२ मध्ये, गॅब्रिएला डी केरोझ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘आर’ शिकणाऱ्या स्त्रियांसाठी ‘आर-लेडीज’ हा गट सुरू केला.

आपल्याकडे अडसर आणखी एक, लिपीचा. जुन्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर ‘शहापूर’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची सरमिसळ असे. मग शोध लागत नसे आणि अनुक्रमही लागत नसे. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे सोडवलं, तरी जुन्या फायली कार्यालयांत अजून आहेत. युनिकोडमधली मराठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली तर अनेकदा अगम्य चिन्हं दिसतात. नवशिक्याला वाटतं, आपलंच चुकलं. गंमत म्हणजे ‘१२’ हा देवनागरी आकडा पायथन संख्या म्हणून स्वीकारतो, ‘आर’ मात्र नाही. हे असलं काही पहिल्याच तासाला सांगणारा मराठी धडा हवा. पवईच्या आयआयटीतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मराठीतून छोटे दृक्‌श्राव्य पाठ देतो, हा मोठाच आधार आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला ‘एनव्हीडीए’ हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मोफत आहे. शिकवणाऱ्याने ‘इथे क्लिक करा’ न म्हणता कळफलकाची बटणं सांगितली, तर तो विद्यार्थीही बरोबरीने चालतो.

ठाणे जिल्ह्यातल्या ऐरोली, रबाळे, महापे इथे मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. त्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या अंगणवाडी सेविका मुलांची वजनं घेऊन २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये भरतात. माहिती वर जाते. भरणारीला मात्र तिचा तक्ता स्वतः चाळून ‘गेल्या पावसाळ्यात कुणाचं वजन घटलं’ हे बघायला कुणी शिकवलेलं नसतं. माहिती अधिकार कायदा २००५ चा, सरकारी आकडेवारी खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ चं. म्हणजे हक्क मिळून बराच काळ झाला. आता या सेविकेसाठी वर्ग भरवायचा, तर मुलांची नावं काढून टाकलेला वजनांचाच तक्ता घ्यावा, धडा मराठीत असावा, शेजारी मदतनीस बसावी आणि वेळ अंगणवाडी सुटल्यानंतरची ठेवावी.