मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील स्वयंसेवी योगदान : सुरुवात (ग्रामीण विदर्भ)

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड (मूळ आज्ञावली) कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो. लिनक्स ही संगणक प्रणाली (१९९१ पासून), फायरफॉक्स ब्राउझर, लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच (२०१० पासून) ही परिचित उदाहरणे. यात पगाराविना हातभार लावणाऱ्याला पदवी विचारत नाहीत, गावही विचारत नाहीत. त्याचे काम तेवढे तपासतात. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून शिकणाऱ्यांसाठी ही मोलाची गोष्ट आहे.

कोड येत असेल तरच योगदान देता येते, हा समज अनेकांना दारातच थांबवतो. पहिले योगदान नीट लिहिलेली बग नोंद (सॉफ्टवेअरमधल्या दोषाची नोंद) असू शकते, आणि तिची किंमत कमी नसते. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्याला’ या शब्दांतला अर्धा र मराठीत आडवा काढतात. काही फॉन्टांत किंवा अ‍ॅपांत तो रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो, नाहीतर तुटून हलन्त दिसतो. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरच्या हे लक्षात येणे कठीण. नोंदीत फोनचे मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, फॉन्टचे नाव, काय टंकले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे स्क्रीनशॉटसह द्यावे. युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत) हा र दोन प्रकारे टंकता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह). आपण कोणता वापरला तेही लिहावे. दुरुस्ती करणाऱ्याची बरीच शोधाशोध वाचते. तीच नोंद आधी झालेली नाही ना, हे मात्र अगोदर पाहावे.

अनुवादासाठी फायरफॉक्सचे पॉन्टून आणि लिब्रेऑफिसचे वेबलेट ही संकेतस्थळे ब्राउझरमध्येच चालतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात (२०१७) फोनवरून मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो. वऱ्हाडी आणि झाडीपट्टीचा हेल असलेले आवाज त्यात आलेच पाहिजेत, नाहीतर उद्याच्या यंत्रांना इकडचे बोलणे समजायचे नाही.

कोडकडे वळताना रोज वापरातले, आटोपशीर सॉफ्टवेअर निवडावे. लिब्रेऑफिस स्वतः बिल्ड करायला (कोडपासून चालता प्रोग्राम बनवायला) साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास लागतात. ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण असलेली कामे नवख्यांसाठी राखलेली असतात. लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन खेड्यातल्या परिस्थितीला फार सोयीचे आहे : प्रकल्पाचा इतिहास आपल्याच संगणकावर असल्याने ब्रांच (कामाची वेगळी शाखा) काढणे, कमिट करणे (बदल नोंदवणे), जुने बदल पाहणे नेटशिवाय होते, रेंज मिळेल तिथे पुश करायचे (बदल नेटवर चढवायचे). डेटा कमी असेल तर क्लोन करताना (प्रकल्पाची प्रत उतरवताना) ‘डेप्थ’ १ ठेवावी, म्हणजे जुना इतिहास उतरत नाही.

पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवल्यावर तपासणारे बहुधा बदल सुचवतात. त्याला नकार समजू नये. चर्चा इंग्रजीत असते, पण छोटी, सरळ वाक्ये पुरतात. तपासणारेही अनेकदा स्वयंसेवकच असतात, म्हणून उत्तराला आठवडे लागू शकतात. मध्ये एकदा विनयाने विचारणे रीतीला धरून आहे.