नेत्रकोटर

नेत्रकोटर (डोळ्याची खोबण) : कवटीच्या दर्शनी भागात नाकाच्या दोन्ही अंगांना असलेली हाडांची पोकळी. नेत्रगोल, त्याला फिरवणारे स्नायू, दृष्टिचेता (बोलीत दृष्टीची नस), रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सगळ्यांमधली जागा भरून काढणारी चरबी एवढा ऐवज तिच्यात मावलेला असतो. शाळेच्या पुस्तकात डोळा म्हटला की नेत्रगोलाचा उभा छेद येतो, खोबणीचा उल्लेखही नसतो. मात्र डोळा पुढे येणे, आत जाणे, एकाचे दोन दिसणे, मार लागल्यावर गाल बधिर होणे या तक्रारींचा उलगडा खोबणीची घडण पाहिल्याशिवाय होत नाही.

चौकोनी पिरॅमिड आडवा पाडून त्याचा पाया समोर आणि टोक मागे करावे, असा कोटराचा ढोबळ आकार आहे. प्रौढ माणसात त्याचे तोंड सुमारे ४० मिमी. रुंद व ३५ मिमी. उंच असते, खोली ४० ते ४५ मिमी. भरते. एकूण आकारमान अंदाजे ३० घन सेंमी. असून त्यातले जेमतेम ७ घन सेंमी. नेत्रगोल व्यापतो. दोन्ही कोटरांच्या नाकाकडील भिंती एकमेकींना जवळजवळ समांतर असतात, तर कानांकडील भिंती एकमेकींशी काटकोन करतात. त्यामुळे आपण सरळ समोर पाहत असलो तरी कोटराचा अक्ष मात्र २२–२३ अंशांनी बाहेर वळलेला असतो. स्नायू मागच्या टोकापासून निघत असल्याने त्यांची ओढही तिरपी पडते. डोळा वर नेणारा स्नायू त्याला थोडा आत, नाकाकडे, खेचतो आणि पिळतोही. म्हणूनच या स्नायूची ताकद तपासताना नेत्रतज्ज्ञ रुग्णाला आधी बाहेरच्या बाजूला बघायला लावतात आणि मग वर.

कोटराची बाहेरची (कानाकडची) कड आतल्या (नाकाकडच्या) कडेपेक्षा बरीच मागे असते. बाजूचे दिसण्याचा आवाका ९० अंशांच्याही किंचित पुढे जातो तो या मागे सरलेल्या कडेमुळे. त्याची किंमत अशी, की समोरून येणाऱ्या फटक्यापासून भुवईचे व गालाचे हाड डोळ्याला वाचवते, पण बाजूने आलेल्या वस्तूपुढे तो उघडाच असतो.

भिंती सात हाडांच्या मिळून बनतात. छत मुख्यतः कपाळाच्या हाडाचे (ललाटास्थीचे) असते व त्याच्या वर थेट मेंदू असतो. बाहेरची भिंत सर्वांत जाड. ती गालाचे हाड आणि जतुकास्थी (कवटीच्या तळातले हाड) यांची. तळ वरच्या जबड्याच्या हाडाचा, आणि त्याखाली गालातली सायनसची पोकळी. आतली भिंत प्रामुख्याने झर्झरास्थीची (नाकाच्या वरच्या भागातल्या पोकळ हाडाची) असून शरीररचनाशास्त्रात तिला कागदी पटलच म्हणतात. तिची जाडी ०.२ ते ०.४ मिमी. असते, वाळलेली कवटी उजेडासमोर धरली तर तिच्यातून प्रकाश आरपार येतो. उरलेली दोन हाडे, अश्रु-अस्थी आणि तालु-अस्थी, लहान आहेत.

कड दणकट आणि भिंती पातळ, या जोडीचे परिणाम अपघातात दिसतात. गुद्दा किंवा चेंडू बसला, की कड शाबूत राहते पण तळ फुटून चरबी आणि कधी स्नायू खालच्या सायनसमध्ये उतरतो. या प्रकारच्या अस्थिभंगाला स्मिथ आणि रीगन या डॉक्टरांनी १९५७ मध्ये ‘ब्लो-आउट’ हे नाव दिले. कोटरातला दाब अचानक वाढून तळ फुटतो की कडेवरचा धक्का हाडातून पसरत जाऊन तो वाकतो व मोडतो, यावर बराच वाद झाला; दोन्ही गोष्टी घडत असाव्यात असेच दिसते. तळातल्या खाचेतून गालाकडे जाणारी चेता दुखावते, म्हणून गाल, वरचा ओठ व वरचे दात बधिर होतात. डोळा वर जाईनासा होतो आणि वर पाहताना एकाचे दोन दिसतात. अशा रुग्णाने नाक शिंकरायचे नसते. सायनसमधली हवा फटीतून कोटरात शिरते आणि पापणी क्षणात फुगते.

मुलांमध्ये प्रकार वेगळा आणि फसवा असतो. त्यांचे लवचीक हाड वाकून पुन्हा जागेवर येते आणि स्नायू फटीत चिमटला जातो. डोळा लाल नाही, काळा-निळा नाही, पण मूल ओकते आणि त्याची नाडी मंदावते. डोळ्याच्या स्नायूवर ताण आला की हृदयाचे ठोके कमी करणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. डोक्याला मार लागला असेल असे समजून डोळ्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया लवकर न झाल्यास तो स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो.

वस्तूचा आकारही महत्त्वाचा. क्रिकेटचा सीझन बॉल सुमारे ७ सेंमी. व्यासाचा, म्हणजे कोटराच्या तोंडापेक्षा मोठा असतो, त्यामुळे फटक्याचा बराच भाग कड झेलते. ४ सेंमी.चा स्क्वॉशचा चेंडू, बॅडमिंटनचे फूल किंवा विटीदांडूतली विटी कडेच्या आत शिरून थेट नेत्रगोलावर बसते. विटीने डोळा गेल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात त्या उगाच नाहीत.

कागदी भिंतीच्या पलीकडे झर्झरास्थीतले सायनस असल्याने तिथला संसर्गही कोटरात पोचतो. सर्दीनंतर मुलाच्या पापणीला सूज येणे नेहमीचे. पण डोळा पुढे आला, हलवताना दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागले, तर संसर्ग खोल गेला असे धरून तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. कोटरातल्या शिरांचे रक्त कवटीच्या आतल्या शिरांकडे सहज वाहू शकते, हे त्या घाईचे कारण. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात आणि देशात इतरत्र फोफावलेल्या म्युकरमायकोसिसने हीच वाट धरली. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांमुळे दुबळ्या झालेल्या रुग्णांत बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून कोटरात आणि कोटराच्या टोकाकडून मेंदूकडे गेली. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते. त्यामुळे मेलेला भाग काळा पडतो आणि म्हणून लोक तिला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. अनेकांचा जीव वाचवण्यासाठी डोळ्यासह कोटरातले सगळे काढून टाकावे लागले.

हाडाची खोबण ताणली जात नाही. आत काही वाढले तर सुटकेची दिशा एकच, पुढची. थायरॉइडशी निगडित ग्रेव्हज विकारात चरबी आणि स्नायू सुजतात आणि डोळे बटबटीत होतात. धूम्रपानाने हा त्रास हमखास बळावतो. दिसायला वाईट असले तरी डोळा पुढे येणे हा एका अर्थी बचाव आहे. ज्यांचा डोळा पुढे सरकत नाही, त्यांच्यात वाढलेला दाब टोकाशी दृष्टीच्या नसेला आवळतो. अशा वेळी शल्यविशारद आतली भिंत आणि तळ मुद्दाम काढून सुजलेल्या ऐवजाला सायनसमध्ये जागा करून देतात. डोळा किती पुढे आला ते कोटराच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात. दोन डोळ्यांत २ मिमी.हून जास्त फरक असेल तर कारण शोधावे लागते.

डोळा फिरवणारे स्नायू सहा : चार सरळ आणि दोन तिरकस. सरळ स्नायू टोकाशी असलेल्या तंतुमय कड्यापासून निघतात. जर्मनीतल्या गॉटिंगेनचे शरीररचनातज्ज्ञ योहान गॉटफ्रीड झिन यांनी १७५५ मधील ग्रंथात डोळ्याच्या रचनेचे बारकाईने वर्णन केले; त्यांचे नाव या कड्याला मिळाले. आपल्या बागांतला झिनिया हाही त्यांच्याच नावाचा. वरचा तिरकस स्नायू मागून येऊन नाकाजवळच्या कप्पीतून वळतो व मग नेत्रगोलाला जुळतो. त्याला चौथी मस्तिष्क-चेता (मेंदूतून थेट निघणारी नस) चालवते, बाहेरच्या सरळ स्नायूला सहावी, बाकी चौघांना तिसरी. चौथी दुबळी झाली की जिना उतरताना पायऱ्या दोन दिसू लागतात आणि माणूस नकळत मान कलती ठेवतो.

टोकाशी असलेल्या ८–१० मिमी. लांबीच्या बोगद्यातून दृष्टीची नस मेंदूकडे जाते. नेत्रगोलापासून टोकापर्यंतचे अंतर २ सेंमी.हूनही कमी, पण कोटरातली नस मात्र २५ ते ३० मिमी. लांब. हा ढिलेपणा नसता तर प्रत्येक हालचालीत ती ताणली गेली असती.

नेत्रगोलाचा समोरून मागे व्यास प्रौढात सुमारे २४ मिमी., नवजात बाळात १७ मिमी.च्या आसपास. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तो स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीने दोन अंगुळे सांगितला आहे. मोजमाप करणाऱ्याने डोळा हातात घेतला असावा, असे हा तपशील वाचताना वाटते. पांढरे श्वेतपटल, समोरचे पारदर्शक पारपटल, बुबुळ, भिंग आणि दृष्टिपटल ही त्याची रचना सर्वपरिचित आहे. प्रकाश वळवण्याचे दोन तृतीयांश काम भिंग करत नाही, मध्यावर अर्धा मिमी. जाड असलेले पारपटल करते. गोलाची लांबी १ मिमी.ने वाढली तरी चष्म्याचा नंबर सुमारे उणे अडीच ते तीन होतो.

अश्रुग्रंथी कोटराच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते. पाणी पापण्यांच्या आतल्या टोकांवरील बारीक छिद्रांतून अश्रुपिशवीत आणि तिथून नाकात उतरते. रडताना नाक वाहते आणि डोळ्यात घातलेल्या थेंबांची कडू चव घशात येते ती यामुळे. थेंब टाकल्यावर आतला कोपरा मिनिटभर दाबून धरल्यास औषध डोळ्यात टिकते.

कोटर वाढते तेही आतल्या डोळ्याच्या आधाराने. दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे तान्ह्या मुलाचा डोळा काढावा लागला आणि खोबण रिकामी राहिली, तर त्या बाजूचा चेहरा खुजा राहतो. म्हणून डोळा काढतानाच आत गोलाकार रोपण बसवून स्नायू त्याला जोडतात. त्यावर बसवलेला कृत्रिम डोळा थोडाफार हलतोही. नेत्रदानातून दुसऱ्याला मिळते ते पारपटल. नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड त्सिर्म यांनी १९०५ मध्ये ते पहिल्यांदा यशस्वीपणे बसवले. संपूर्ण डोळ्याचे पहिले प्रत्यारोपण न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये झाले. त्या डोळ्याला रक्तपुरवठा सुरू झाला, पण दृष्टी आली नाही, कारण तुटलेल्या दृष्टीच्या नसेचे तंतू मेंदूपर्यंत पुन्हा वाढवण्याचा उपाय अजून हाती नाही.