निदानात्मक प्रतिमांकन : उपयोग आणि धोके

शरीर न चिरता आतली हाडे, अवयव, रक्तवाहिन्या किंवा गाठी चित्ररूपात पाहून रोग ओळखण्याच्या पद्धतींना मिळून निदानात्मक प्रतिमांकन म्हणतात. क्ष-किरण चित्रण, सीटी स्कॅन, सोनोग्राफी, एमआरआय, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) आणि किरणोत्सारी औषध टोचून काढलेली चित्रे (बोन स्कॅन, पेट स्कॅन) हे त्याचे मुख्य प्रकार. गोव्यात बोलताना मात्र या सगळ्यांचे दोनच शब्द होतात : ‘फोटो’ आणि ‘स्कॅनिंग’. छातीचा एक्स-रे म्हणजे फोटो, आणि सोनोग्राफीपासून एमआरआयपर्यंत बाकी सगळे स्कॅनिंग. बोलायला हे सोयीचे आहे, पण घोटाळाही इथूनच सुरू होतो, कारण प्रत्येक यंत्राचा धोका निराळा आहे. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, तरी गरोदर बाई तिला बिचकते. एमआरआयमध्येही ते नसतात, आणि तेवढ्यावरून नातेवाईक खिशात किल्ल्या घेऊन बिनधास्त आत शिरू पाहतो.

विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतील व्यूर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ साली भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पणजीतील ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकीय शाळा तेव्हा अर्धशतक जुनी झाली होती (स्थापना १८४२). मुक्तीनंतर तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. ते पुढे पणजीजवळ बांबोळीला गेले आणि वर्तमानपत्रांनी त्याचे ‘गोमेकॉ’ करून टाकले. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा इस्पितळे असली, तरी अवघड रुग्ण अखेर बांबोळीलाच येतो. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडचे रुग्णही तिथेच आणतात, आणि अनेकदा हातात आधी काढलेल्या फिल्मचा लिफाफा असतो. त्या लिफाफ्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

साधा एक्स-रे

हाड मोडले आहे का, फुप्फुसात न्यूमोनिया किंवा क्षयाची छाया आहे का, छातीत पाणी झाले आहे का, आतडे अडले आहे का, या प्रश्नांना आजही पहिले उत्तर साधा एक्स-रेच देतो. गोव्यात त्याचा एक खास उपयोग आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यांतील कामगारांच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. लोहखनिजाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की फुप्फुसात लोहाचे कण साठतात (सिडरोसिस). लोह क्ष-किरणांना चांगलेच अडवते, त्यामुळे फिल्मवर दोन्ही बाजूंना बारीक दाट ठिपके पसरलेले दिसतात. चित्र भीतिदायक असते, पण निव्वळ लोहाच्या साठ्याने श्वासाची ताकद फारशी घटत नाही. धुळीत सिलिका मिसळलेली असेल, तर तेवढ्याच ठिपक्यांमागे सिलिकोसिससारखा न परतणारा आजार असू शकतो. फिल्म दोघांची सारखी वाटेल. फरक समजतो तो माणसाने कुठे, काय आणि किती वर्षे काम केले हे विचारल्यावर. एक्स-रे वाचणाऱ्यापर्यंत ही माहिती पोचली नाही, तर अहवाल अर्धा राहतो. चिठ्ठीवर नुसते ‘चेस्ट पीए’ (छातीचा साधा फोटो) लिहून पाठवण्याची सवय म्हणूनच वाईट.

सीटी स्कॅन आणि किरणांचा हिशेब

सीटीमध्ये क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक त्यातून काप मांडतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र निघाले. ते यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि त्यामागचे गणित आधीच मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला रुग्ण १०८ च्या गाडीतून आला, की सीटी हीच खरी तपासणी. काम मिनिटाभरात होते, ताजे रक्त पांढरे दिसते, आणि कवटी उघडायची की नाही ते ठरते. पक्षाघातात मात्र सीटीचा अर्थ उलटा लावला जातो. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर पहिल्या काही तासांत साधे सीटी निर्मळ दिसू शकते. ‘सीटी नॉर्मल आहे, म्हणजे झटका नाही’ असे समजून रुग्णाला घरी नेणारे नातेवाईक भेटतात. डॉक्टरला तिथे रक्तस्राव नाही एवढीच खात्री हवी असते, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध देता येते. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि काणकोणहून बांबोळीला पोचण्यातच तास-दीड तास जातो.

किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतात. छातीच्या एका एक्स-रेचे सुमारे ०.०२, मॅमोग्राफीचे ०.४, डोक्याच्या सीटीचे साधारण २ आणि पोटाच्या सीटीचे ८ ते १०. म्हणजे पोटाचे एक सीटी हे छातीच्या चारशेहून अधिक फोटोंच्या बरोबरीचे. एक्स-रेला घाबरणारा माणूस ‘एकदा सगळेच स्कॅन करून टाका’ असे सहज म्हणतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर कोणी मांडलेला नसतो.

मात्रा जास्त म्हणजे धोका किती? विकिरणसंरक्षणाच्या रूढ गृहीतकानुसार १० मिलिसिव्हर्टमुळे आयुष्यात कॅन्सर होण्याची शक्यता दोन हजारांत एकाने वाढते. इतक्या कमी मात्रेला हा धोका थेट मोजलेला नाही. मोठ्या मात्रांवरून तो खाली ओढत आणला आहे. मुलांबाबत मात्र प्रत्यक्ष पाहणी आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात दहा वर्षांखालील मुलांच्या दर दहा हजार डोक्याच्या सीटींमागे रक्ताच्या कॅन्सरचा एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक जादा रुग्ण, असा अंदाज निघाला. खाटेवरून पडून लगेच रडलेल्या, नंतर खेळू लागलेल्या पोराचे सीटी आईच्या समाधानासाठी काढू नये, ते यासाठी. मेंदूत रक्तस्रावाची खरी शंका असेल, तर तेच सीटी एक मिनिटही लांबवू नये.

आपली वर्तमानपत्रे एक्स-रे आणि सीटीबाबतही सर्रास ‘किरणोत्सर्ग’ लिहितात. तो शब्द किरणोत्सारी पदार्थांचा आहे. एक्स-रे किंवा सीटीच्या यंत्रात असा पदार्थ नसतो. बटण सोडले की किरण संपतात, आणि खोलीत वा रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. पेट किंवा बोन स्कॅनचे तसे नाही. तिथे औषध अंगात असते आणि काही तास लहान मुलांना, गरोदर बाईला जवळ घेऊ नका असे सांगतात.

शिरेतले औषध आणि सुंगटांची गोष्ट

रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, गाठी स्पष्ट दिसाव्यात म्हणून सीटीच्या वेळी आयोडीनयुक्त औषध (कॉन्ट्रास्ट) शिरेतून देतात. ते आत गेल्यावर अंगभर एकदम ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते; झालेली नसते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण टेबलावर घाबरून हलतो आणि चित्र बिघडते.

गोव्यात या टेबलाआधी हमखास निघणारा प्रश्न म्हणजे ‘मासे चालतात ना?’ सुंगटे (कोळंबी) किंवा कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते असे सांगितले की कधी तपासणीच रद्द होते. समज असा, की मासळीत आयोडीन असते आणि औषधातही आयोडीन, म्हणून एक सोसत नाही त्याला दुसरेही सोसणार नाही. हा समज चुकीचा आहे. सुंगटे-कुर्ल्यांची ॲलर्जी त्यांच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. आयोडीन तर रोजच्या मिठातही असते, आणि ते खाऊन कोणाला पित्त उठत नाही. मासळीचे वावडे असलेल्याला धोका असतो तो कुठल्याही ॲलर्जिक माणसाइतकाच, थोडा जादा. विचारायचे ते वेगळेच : याआधी हे औषध दिल्यावर काही झाले होते का, दमा आहे का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, थायरॉइडचा त्रास आहे का, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावे लागते. आजच्या औषधांनी गंभीर प्रतिक्रिया दहा हजारांत चारेक जणांना येते. ती येते तेव्हा मिनिटांत येते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी हवे, कुलूपबंद कपाटात नको.

अशा औषधांच्या इतिहासात एक काळे प्रकरण आहे आणि त्याची एक शाखा लिस्बनला जाते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण १९२७ मध्ये पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांनी प्रथम केले. पुढे त्यासाठी ‘थोरोट्रास्ट’ वापरात आले. त्यातले थोरियम डाय-ऑक्साइड चित्र सुरेख देई आणि रुग्णाला लगेच काही होत नसे. पण ते यकृत आणि प्लीहेत कायम राहिले, आतून किरण सोडत राहिले आणि दोन-तीन दशकांनी यकृताचे कॅन्सर दिसू लागले. ‘काही त्रास झाला नाही’ ही ग्वाही किती दिवसांची, हे विचारण्याची रीत अशा अनुभवांतून पडली.

एमआरआयचे दार

एमआरआय प्रबळ चुंबकावर चालते. सर्वसाधारण यंत्र १.५ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही दहा हजार पट. मणका, मेंदू, सांधे, ओटीपोट यांसाठी त्याला तोड नाही. मात्र हे चुंबक रात्री, सुटीला, वीज गेल्यावरही चालूच असते. उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियममध्ये त्याची गुंडाळी बुडवलेली असते, आणि ‘मशीन बंद आहे’ हे वाक्य तिथे जवळजवळ कधीच खरे नसते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत याच समजुतीने रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर आत घेऊन गेला. सिलिंडर त्याच्यासकट खेचले गेले आणि तो दगावला.

दारापाशी कपडे बदलताना खरी परीक्षा होते. केसातली पिन, करगोटा, तावीज, खिळ्यांची चप्पल. मंगळसूत्र काढायला बाई कचरते. सोने चुंबकाला चिकटत नाही, पण मण्यांची तार आणि फासा कशाचा आहे ते कोण सांगणार? काही ठिकाणी तेवढ्या वेळापुरता हळदीचा दोरा बांधतात, हा उपाय चांगला आहे. पेसमेकर, मेंदूतल्या वाहिनीवरची जुनी क्लिप, कानातले कॉक्लिअर यंत्र हे न चुकता आधी सांगावे. हाडातली टायटॅनियमची पट्टी सहसा आड येत नाही. वास्को परिसरातल्या आणि नद्यांकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या कार्यशाळांत वेल्डिंग-ग्राइंडिंग केलेल्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : डोळ्यात कधी लोखंडाची कीस गेली होती का? तो कण वर्षांनंतरही बुबुळामागे असू शकतो आणि चुंबकात हलून डोळा फोडू शकतो. शंका असल्यास आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात.

एमआरआयमध्ये वापरले जाणारे गॅडोलिनियमचे औषध बहुतेकांना सोसते. २००६ च्या सुमारास मात्र, मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत त्याच्या काही जुन्या प्रकारांमुळे कातडी आणि सांधे कठीण होतात, हे ध्यानात आले.

एमआरआयचा सर्वांत सर्रास धोका मात्र चुंबकाशी संबंधित नाही. कंबर दुखते म्हणून मणक्याचे चित्र काढले, अहवालात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती फुगलेली) आले आणि माणूस पिशवी उचलायलाही घाबरू लागला. कसलेही दुखणे नसलेल्या लोकांची चित्रे पाहिली, तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत चकत्यांची झीज दिसते. केस पिकण्यासारखेच ते. पायाची ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा कॅन्सरचा इतिहास अशी खूण असेल, तर चित्र लगेच हवे. नाहीतर सहा आठवडे थांबणे बहुतेकदा पुरते.

सोनोग्राफी आणि गरोदरपण

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात. योग्य कारणासाठी, मर्यादित वेळ वापरल्यास गर्भाला अपाय झाल्याचा पुरावा नाही. तिचा धोका यंत्रात नाही, माणसात आहे. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणूनच प्रत्येक केंद्रावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक आणि प्रत्येक गरोदर बाईसाठी तपासणीची नोंद ठेवणारा ‘एफ’ फॉर्म असतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे ९४२ मुली होत्या. शिकलेल्या, सुस्थितीतल्या राज्याला शोभेल असा हा आकडा नाही.

गरोदर असल्याचे माहीत नसताना छातीचा किंवा हाताचा एक्स-रे निघाला, तर गर्भपाताचा विचार करण्याचे कारण नाही. गर्भापर्यंत पोचणारी मात्रा अगदी नगण्य असते. पोट आणि ओटीपोटाच्या सीटीबाबत मात्र तज्ज्ञाशी बोलावे.

कर्मचारी, नियम आणि लिफाफा

क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची (स्थापना १९८३) देखरेख असते. तंत्रज्ञाच्या छातीवरचा छोटा बिल्ला त्याची मात्रा मोजतो. कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची, तर सामान्य माणसाला १ ची मर्यादा आहे. रुग्णाच्या स्वतःच्या तपासणीला मर्यादा नाही. ती गरजेवर ठरते. लहान मुलाला धरायला आत थांबलेल्या आईला शिशाचा ॲप्रन द्यायला हवा, आणि ती गरोदर नाही ना हे आधी विचारायला हवे.

आता लिफाफा. सावंतवाडीत काढलेले सीटी बांबोळीत पुन्हा निघते, कारण सोबत मूळ चित्रांची सीडी नसते. असतात फक्त ट्यूबलाइटसमोर धरून व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो. त्यावरून कोणी शस्त्रक्रिया ठरवत नाही. जुन्या तपासण्यांच्या फिल्म घरी गादीखाली ठेवतात, त्याही चार महिन्यांच्या पावसात एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना चित्राचा थर निघून येतो. लिफाफा सरळ उभा, कोरड्या कपाटात ठेवला तर त्या टिकतात. नको झालेल्या जुन्या फिल्म भंगारवाला खुशीने नेतो, कारण त्यात चांदी असते.